एक कप, एक ठोका

कारखान्यात सगळे तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे टणत्कार. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. मावशी काय, कुणीही होतं. दोन-चार केस पिकले की झाली मावशी. टणत्कार व्हायला सव्वीस वर्षं एका स्टुलावर बसावं लागतं.

कारखाना चिनी मातीच्या कपबश्यांचा. माती मळायची, साच्यात ओतायची, सुकवायची, भाजायची, झिलई चढवायची, पुन्हा भाजायची. आणि एवढे सोपस्कार होऊन कप शेवटी यायचा तो मावशीच्या टेबलावर. तिनं तो डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोलायचा, उजव्या हातातल्या वीतभर लाकडी काठीनं काठावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर उजवीकडच्या पेटीत. बद्द वाजला तर आत कुठंतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, म्हणून डावीकडच्या पिंपात. पिंपात पडला की तो फुटायचाच. तो आवाजही मावशी मन लावून ऐकायची आणि तिला बरं वाटायचं.

तिच्या हिशेबी जगात ऐकणारं माणूस एकच होतं, ती स्वतः. बाकीच्यांना कान होते ते चष्म्याच्या काड्या अडकवायला. भट्टीवाल्याला भट्टीच्या पंख्याचं कुरकुरणं ऐकू यायचं नाही, पंखा बंद पडला की मग तो डोकं खाजवत उभा राहायचा. खोक्यांत पेंढा भरून माल बांधणारा पेंढेवाला तर जन्मजात झोपाळू. त्याच्या कानाशी तोफ डागली असती तरी त्यानं कूस बदलली असती. अशा लोकांत आपण सव्वीस वर्षं काढली, याचं मावशीला अधूनमधून कौतुक वाटायचं. स्वतःचंच.

टेबलासमोरच्या भिंतीवर तांबड्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं: एक कप, एक ठोका. हा नियम मावशीचा. तिनंच थोरल्या साहेबांच्या मागे लागून तो रंगवून घेतला होता. सांगायला कारण असं, की पुन्हापुन्हा ठोकलं तर चांगल्या कपालाही चीर जाऊ शकते. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. ज्याला दुसरा ठोका लागतो त्याला कान नाही, आणि ज्याला कान नाही त्यानं या टेबलावर बसू नये. या नियमाखाली मावशीनं आजवर पाच बायका उठवल्या होत्या. थोरल्या साहेबांकडे जायचं, म्हणायचं, "हिनं काल चार वेळा दुसरा ठोका मारला," की झालं. त्या बाईची रवानगी मागच्या खोलीत, कपांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवायला. तिथं कान लागत नव्हते. तिथं दिवसभर खळीनं बरबटलेली बोटं घेऊन बसायचं आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं. त्या पाचांपैकी तिघी अजून तिथं होत्या, आणि मावशी दारावरून गेली की तिघी एकदम बोलायच्या थांबत. मावशी मान ताठ ठेवून पुढं जायची.

आणि आता गेले आठ महिने कपांना शेपूट राहिलं नव्हतं.

चांगला कप ठोकला की आधी ठोक्याचा आवाज येतो आणि त्यामागून एक बारीक, लांबत जाणारा नाद. मावशी त्याला शेपूट म्हणायची. चीर गेलेल्या कपाला शेपूट नसतं. सगळी गोम शेपटात. एके दिवशी पेटीतल्या पहिल्या कपाला शेपूट नव्हतं, दुसऱ्याला नव्हतं, बाराव्यालाही नव्हतं. मावशी तडक उठली आणि भट्टीवाल्यावर तुटून पडली. भट्टी नीट तापत नाही, झिलई पातळ आहे, माती कुठल्या नाल्यातून आणली कोण जाणे. भट्टीवाला काहीतरी पुटपुटला. मोठ्यानं बोलायचीही हिंमत नाही मेल्याला, असं म्हणत ती परत आली.

त्या वर्षी सगळ्यांनाच पुटपुटायची खोड लागली होती. दुकानदार भाव सांगायचा तो तोंडातल्या तोंडात. भाऊ जेवताना काहीतरी विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. घरातला रेडिओ तर असा मेंगळट झाला होता, की तिनं तो फडताळावरून खिडकीत, खिडकीतून उशाशी आणला, शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, बाई, रेडिओला धाड भरलेली नाही. त्या नालायकाला धंदा कळत नव्हता.

तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळलेली गोष्ट स्वतःशी कबूल करायची नाही, एवढा हट्ट माणसाला करता येतो, आणि मावशी हट्टाला कमी पडणारी नव्हती. उजवा कान जवळजवळ गेलाच होता. डावा पाठोपाठ निघाला होता. हे बाहेर फुटलं तर तिच्याच नियमानं तिची जागा मागच्या खोलीत, खळीच्या वाटीपाशी, त्या तिघींच्या शेजारी. तिघी सरकून जागा देतील. हसणारसुद्धा नाहीत, नुसती जागा देतील.

म्हणून तिनं बोटांना कामाला लावलं. कप वाजला की बोटांच्या टोकांना थरथर कळते. चांगल्याची थरथर निराळी, फुटक्याची निराळी. निदान तिनं तसं ठरवलं. ठोका मारायचा, ऐकल्यासारखी मान किंचित कलती करायची, आणि बोटं म्हणतील त्या बाजूला कप टाकायचा. आठ महिन्यांत गिऱ्हाइकाकडून एकही तक्रार आली नाही. मावशीला वाटलं, बघा, कान काय करायचेत, आपली बोटंच ऐकायला लागली. भीती होती तिथंच होती, पण तिच्यावर आता थोडी ऐट चढली.

दुसऱ्या टेबलावर तिची भावजय बसायची.

भावाला मावशीनंच वाढवलं होतं. आई-बाप गेल्यावर स्वतःचं काही न करता त्याचं केलं. आणि एक दिवस तो हिला घेऊन घरी आला. दोन खोल्यांचं घर, मधे फळ्यांची भिंत. पोरीला लहानपणी कसलंसं दुखणं होऊन घसा गेलेला, आवाज घोगरा, जाडाभरडा. मावशीनं तिची दोन वाक्यं ऐकली, भावाला आत बोलावलं आणि आवाज जराही न उतरवता सांगितलं, "बद्द वाजते रे. आत कुठंतरी चीर असणार." फळ्यांपलीकडे पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. भावानं लग्न केलंच. भावजयीनं त्या वाक्याचा उच्चार अकरा वर्षांत कधी केला नाही. सांगितलेलं काम करायची, वन्सं म्हणायची, आणि फार बोलायची नाही. मावशीच्या मते ती फार आतल्या गाठीची होती.

पाच वर्षांपूर्वी ती कारखान्यात आली. थोरल्या साहेबांनी परीक्षा घेतली, चाळीस कपांतले सात फुटके तिनं एकेका ठोक्यात काढून दिले. मावशी म्हणाली, नशीब. तेव्हापासून दोघी शेजारी बसत होत्या आणि कपांखेरीज कशावर बोलत नव्हत्या. हल्ली तर हिनं नवीनच थेर सुरू केलं होतं. जेवणाची सुट्टी झाली की सगळे डबे घेऊन बाहेर जायचे, आणि ही बया टेबलापाशीच. "तुम्ही व्हा पुढं, वन्सं, मी येतेच." यायची ती सुट्टी संपता संपता, दोन घास उभ्यानं खायची. धाकट्या साहेबाला दाखवायला, दुसरं काय! बघा, मी जेवतसुद्धा नाही.

हा धाकटा साहेब थोरल्या साहेबांचा मुलगा. बाप अंथरुणाला खिळल्यावर गादीवर आला आणि आल्यापासून त्याच्या डोक्यात दर महिन्याला एक नवं खूळ शिरायचं. मागं त्यानं सगळ्यांना पाठ नसलेल्या खुर्च्या दिल्या. सगळ्यांच्या पाठी दुखायला लागल्या तेव्हा खुर्च्या न बदलता पाठदुखीवर व्याख्यान ठेवलं. त्या शुक्रवारी त्यानं सांगितलं, की आज काम बंद. बाहेरून एक मोठे जाणकार आलेत. ते आपल्याला ऐकायला शिकवणार.

"ऐकायला?" मावशी म्हणाली.

"रोजचे आवाज, मावशी. आपल्या भोवती असतात, पण आपलं लक्षच नसतं."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं ती काय करत होती, माशा मारत होती? पण तिनं ओठ घट्ट मिटले. ऐकण्याची गोष्ट निघाली होती, आणि हल्ली ती गोष्ट निघाली की तिला घाम फुटायचा.

जाणकार आले. ढगळ सदरा, मानेवर रुळणारे केस, चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं समाधान, आणि पाय अनवाणी. जमिनीशी थेट नातं हवं म्हणून. कपबश्यांच्या कारखान्यात अनवाणी! जिथं फरशीच्या फटीफटींत खापऱ्या असतात तिथं! तिसऱ्या पावलाला ते किंचाळले आणि मग पेंढेवाल्याच्या जुन्या चपला घालून त्यांनी पुढचं सगळं ज्ञान दिलं. भट्टीवाल्यानं जागच्या जागी त्यांचं नाव कानगुरू ठेवलं.

"आपण," कानगुरू म्हणाले आणि थांबले. "ऐकणं," म्हणाले आणि पुन्हा थांबले. "विसरलोय." दोन शब्दांच्या मधे एक कप चहा पिऊन झाला असता. मावशी मुद्दाम पुढच्या रांगेत डावा कान त्यांच्याकडे करून बसली होती, तरी निम्मं तिला ओठांवरूनच उचलावं लागत होतं. निम्म्यात काही बिघडलं नाही. माणूस एकच गोष्ट सात प्रकारे सांगत होता.

मग पहिला पाठ. सगळ्यांनी डोळे मिटायचे, दहा मिनिटं काही न करता ऐकायचं, आणि डोळे उघडल्यावर जे जे ऐकू आलं ते कागदावर लिहायचं. एवढी मोठी माणसं डोळे मिटून बसली. चिठ्ठ्यांच्या खोलीतल्या बायका, साच्यांवरचे लोक, भट्टीवाला. धाकटा साहेब तर असा ध्यान लावून बसला, की जणू त्याला आता आकाशवाणीच होणार.

मावशीनं डोळे मिटले आणि कान टवकारले. काही नव्हतं. दूर कुठंतरी एक जाडसर गुरगुर होती, ती बाहेरच्या रस्त्याची असेल नाहीतर तिच्या स्वतःच्या डोक्यातली. त्यापलीकडे कापूस भरल्यासारखं सगळं बंद. तिनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. शेजारच्या बाईची मान खिडकीकडे वळली, पलीकडच्याचीही वळली. म्हणजे तिकडे काहीतरी वाजलं होतं. दोघं गालात हसले. म्हणजे गमतीचं काहीतरी. मावशीलाही हसायला हवं होतं, ती उशिरा हसली. मूर्खपणा आहे नुसता, ती मनात म्हणाली, वेळ जात नाही या लोकांचा. पण आज तो राग नीट पेटेना.

कागद आले तेव्हा तिनं डोकं चालवलं. या खोलीत सव्वीस वर्षं काढली होती. काय वाजतं आणि कुठं वाजतं हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तिनं झरझर लिहिलं: भट्टीचा पंखा, त्याचं तिसरं पातं जरा घासतं. पाण्याचा पंप. वाळवणीच्या खोलीचं दार. मातीच्या चक्कीचा पट्टा. पान भरलं. तिनं ते सगळ्यांच्या आधी नेऊन दिलं.

कानगुरूंनी ते मोठ्यानं वाचलं. मागे खसखस पिकली. धाकटा साहेब खाकरला आणि अगदी सावकाश, मावशीकडे तोंड करून म्हणाला, "मावशी, पंखा सकाळपासून बंद आहे. पंपही. सगळंच बंद आहे."

झालं, एवढंच तिच्या मनात आलं. पण तिनं कानगुरूंना गृहीत धरलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले, "बघा! आपल्याला चालू पंखा ऐकू येत नाही. यांना बंद पंखा ऐकू येतो. नाद यांच्या आत उतरलाय!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानंही वाजवल्या. मग काय, सगळ्या कारखान्यानं वाजवल्या. मावशीनं तोंड वाकडं करून मान डोलवली, जणू असल्या गोष्टी ती रोजच करत होती. गाढवांच्या या कळपात वाचणं किती सोपं आहे, याची तिला जवळजवळ कीव आली. फक्त भावजय टाळ्या वाजवत नव्हती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

दुसरा पाठ आठवणीचा. रोजच्या कामाच्या दिवसातले आवाज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ज्याचे त्यानं उभं राहून सांगायचे. भट्टीवाल्यानं एकच सांगितला, साहेबांचा, आणि सगळे खिदळले. साच्यावरच्या दोघांनी चक्की सांगितली. मग पेंढेवाला उठला. मावशीनं मनात म्हटलं, हा आता घोरण्याचा आवाज सांगणार. त्याचा आवाज मात्र ढोलासारखा जाड होता, तो तिला नीट ऐकू यायचा. या वर्षी नीट बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

"सकाळी कुलूप," पेंढेवाला म्हणाला. "कुलूप थंडीत दोनदा बोलतं, उन्हाळ्यात एकदा. मग पेंढा. सुका असला तर करकरतो, दमट असला तर गप्प. मग मावशीचं टण आणि वहिनीचं टण. मावशीचं जरा आधी. मग जेवणाची घंटा. सगळे गेले की मी पेंढ्यावर आडवा होतो, पेट्यांच्या मागं. तेव्हा परत टण, टण. पण हळू. काठीला फडकं गुंडाळल्यासारखं."

"म्हणजे?" साहेब म्हणाला.

"म्हणजे भरून झालेल्या पेट्यांतले कप परत वाजतात. रोज. आठ-एक महिने झाले. मधूनच एखादा बद्द वाजतो. पेटीमागं चार-पाच. पण तो पिंपात पडल्याचा आवाज येत नाही, त्याच्या जागी दुसरा ठेवल्याचा तेवढा येतो. कशात तरी गुंडाळून नेत असतील."

"कोण?"

"डोळे मिटलेले असतात, साहेब."

"केवढं सूक्ष्म श्रवण!" कानगुरू म्हणाले. त्यांना वाटत होतं, आपला कार्यक्रम फार रंगतोय.

पण धाकटा साहेब खुळा असला तरी कारखानदाराचा मुलगा होता. भरून झालेल्या पेटीत चार-पाच फुटके म्हणजे टेबलावर कुणीतरी फुटके कप पास करतंय, आणि कुणीतरी चोरून दुसरा ठोका मारतंय. त्यानं भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

भावजय उठून उभी राहिली. साहेबाकडे तोंड करून आणि, मावशीच्या लक्षात आलं, मावशीकडेही थोडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "माझ्या पेट्या आहेत, साहेब. मला हल्ली पहिल्या ठोक्यात कळत नाही. म्हणून मी परत बघते."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग सोमवारपासून चिठ्ठ्यांच्या खोलीत."

"बरं, साहेब," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता इथं मावशीला गप्प बसायचं होतं. बस्स, एवढंच. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. उलट बंद पंखा ऐकणारी बाई म्हणून तासाभरापूर्वी टाळ्या पडल्या होत्या. भावजयीनं गुन्हा कबूल केला होता, नियम नियमाच्या जागी होता. मावशीच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलंसुद्धा: मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

पण एक गोष्ट मावशीला माहीत होती, आणि ती जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. भावजय नवी आली तेव्हा पहिली दोन वर्षं, सगळे गेल्यावर, मावशीनं स्वतः तिच्या पेट्या उघडून एकेक कप पुन्हा ठोकला होता. आपल्याच नियमाच्या नाकावर टिच्चून. एक फुटका सापडला असता तर तिला उठवता आली असती. दोन वर्षांत एक सापडला नाही. एकही नाही. हिच्या पेटीत फुटका कप जात नाही, हे मावशी शपथेवर सांगू शकली असती.

मग पेटीमागं चार-पाच. आठ महिने. आणि गिऱ्हाइकाची एक तक्रार नाही. उभ्यानं खाल्लेले दोन घास. म्हणजे बोटं वगैरे काही ऐकत नव्हती. बोटांना काही कळत नव्हतं. ती आठ महिने आंधळ्यासारखी कप टाकत होती आणि मागून ही निवडत होती.

मावशीला दाटून आलं असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. तिला संताप आला. डोक्यात तिडीक गेली. भीक! हिनं मला भीक घातली! ज्या बाईला मी उंबऱ्यातच फुटकी ठरवली, तिच्या दयेवर मी आठ महिने या स्टुलावर ऐटीत बसले, आणि उद्यापासून जन्मभर बसायचं? त्यापेक्षा खळीत हात घातलेला परवडला. ती अशी ताडकन उठली, की पाठ नसलेली खुर्ची मागे उलटली.

"बस झालं नाटक," मावशी ओरडली. हल्ली ती बोलायची ते ओरडूनच, तिला ते समजत नव्हतं. "काय रे साहेब, डोळे आहेत का खाचा? हिच्या पेटीत फुटका निघेल? हिच्या? अरे, माझ्या पेट्या आहेत त्या! मला ऐकू येत नाही. कपाला शेपूट येत नाही मला. आठ महिने झाले. आठ महिने बहिरी बाई तुझे कप पास करतीये आणि तू आम्हाला ऐकायला शिकवायला माणसं आणतोस?"

"मावशी," साहेब गडबडला, "पण तुम्ही तर आत्ता बंद पंखा..."

"पंखा ऐकला नव्हता! पंखा पाठ आहे मला! आणि तुम्ही हो," ती कानगुरूंकडे वळली, "नाद आत उतरलाय म्हणे. आत काय उतरायचंय, कान गेलेत माझे! आधी त्या पेंढेवाल्याच्या चपला परत करा आणि त्याच्यापुढं बसून शिका. एका झोपाळू माणसाला जे ऐकू आलं ते इथं एकाला ऐकू आलं नाही." मग ती भावजयीवर घसरली. "आणि तू! तुला कुणी सांगितलं होतं उपकार करायला? मी मागितलं होतं? जेवण सोडून माझी उष्टी काढत बसलीस, लाज नाही वाटली? तोंड आहे ना तुला? सांगायचं होतं तोंडावर, वन्सं, तुम्ही बहिऱ्या झालात म्हणून!"

ती धापा टाकत थांबली. चिठ्ठ्यांच्या खोलीतल्या तिघी तिच्याकडे बघत होत्या. हसत नव्हत्या.

तेव्हा भावजय बोलली. उठली नाही, मावशीकडे तोंडही केलं नाही. समोर, स्वतःच्या हातांकडे बघत बोलली. त्या घोगऱ्या, खालच्या आवाजात, भरभर, न थांबता. दोन वाक्यं असतील, नाहीतर चार. मावशीला ओठांची एक कड दिसत होती, तीही केसांच्या बटेआड. तिनं मान पुढं काढली. काही लागलं नाही.

पण खोलीला लागलं. भट्टीवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. पेंढेवाला खाली बसला. तिघींपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. कानगुरूंनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. आणि सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं, कारण आता उत्तर तिनं द्यायचं होतं.

मावशीनं आठ महिने जे केलं होतं तेच केलं. ऐकल्यासारखी मान किंचित कलती केली आणि म्हणाली, "हं."

साहेबानं कार्यक्रम गुंडाळला. सोमवारचं सोमवारी बघू, म्हणाला, पण काय बघायचं ते सगळ्यांना कळलं होतं. मावशीनं टेबल पुसलं, काठी खणात ठेवली. बाहेर पडताना पेंढेवाला दारात भेटला. तिनं त्याची बाही धरली. "काय म्हणाली ती?"

पेंढेवाल्यानं चपला पायात सरकवल्या. "ते तिचं आहे, मावशी," तो म्हणाला. "मी कसं सांगू?"

घरी जायचा रस्ता वीस मिनिटांचा. इतकी वर्षं मावशी चार पावलं पुढं चालायची आणि भावजय मागून. आज मावशी फाटकाशी थांबली, तिला येऊ दिलं आणि तिच्या उजव्या अंगाला झाली, म्हणजे डावा कान तिच्याकडे राहील. शाळेची भिंत संपली, सायकलवाल्याचं दुकान गेलं. मावशीनं दोनदा घसा खाकरला. आयुष्यात कुणापुढं जे वाक्य म्हटलं नव्हतं, ते शेवटी तिच्या तोंडून निघालं.

"मघाशी काय म्हणालीस? परत सांग. मला ऐकू आलं नाही."

भावजय थांबली. वळून मावशीच्या पुढ्यात आली, तिला ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि सावकाश, अजिबात न रागावता म्हणाली, "जाऊ द्या, वन्सं. माझं एकदा बोलून झालं."

मग तिनं मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी घराकडे चालू लागल्या.